एकतीस जीबीची खोली

कराडला शुभंकर अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर नंदकिशोर तांबवेकरांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर अकराशे एमबी जागा मोकळी केली, आणि ती जागा बाथरूममध्ये निघाली.

ते मंगळवारी सकाळी झालं. कॉम्प्युटर मुलगी केतकी अकरावीत असताना घेतलेला. आता तो सुरू व्हायला वीस मिनिटं घेई आणि सुरू झाल्यावर आधी डिस्क भरल्याची सूचना देई. नंदकिशोरांनी निरुपयोगी फायली निवडल्या, काढून टाकल्या, आणि तेवढ्यात बाथरूममधून बायकोची, प्रमोदिनीबाईंची, हाक आली. त्या ओल्या हातांनी भिंतीकडे बघत उभ्या होत्या. वॉशिंग मशीनमुळे दार कधी पूर्ण उघडत नसे. आता ते उघडून भिंतीला टेकलं होतं आणि तरी मध्ये रिकामी फरशी उरली होती.

नंदकिशोर मोजणी खात्यात भूकरमापक होते. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. ते आधी टेप घेऊन आले. बाथरूम साडेदहा इंचांनी वाढलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

"शेजारच्यांचं कमी झालं असेल," प्रमोदिनीबाई कुजबुजल्या.

नंदकिशोर शेजारी अत्तारांकडे गेले आणि काहीतरी कारण सांगून त्यांची भिंत मोजून आले. तिथे इंचभरही फरक नव्हता. घरी येऊन त्यांनी कागदावर हिशेब मांडला: एका जीबीला चार चौरस फूट.

तांबवेकरांना जागेची गरज होती. घर दोन खोल्यांचं. पंधरा दिवसांपूर्वी केतकी साताऱ्याहून, नवऱ्याच्या घरून, दोन बॅगा घेऊन आली होती आणि परत जायचं नाही म्हणाली होती. ती बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपे. पाय कॉम्प्युटरच्या टेबलाखाली आणि डोकं चपलांच्या स्टँडकडे.

केतकी कवळ्या बनवायची. दंतवैद्य तिच्याकडे जबड्यांचे साचे पाठवत आणि ती त्यावरून दात तयार करी. सासरी या कामाला जागा नव्हती. आधी डायनिंग टेबलावरून, मग गॅलरीतून तिला उठवलं, आणि शेवटी एके दिवशी सासूबाईंनी चौदा माणसांचे जबडे कचऱ्याच्या गाडीत टाकले. निनाद, तिचा नवरा, तेव्हा तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही. केतकी त्याच संध्याकाळी निघाली.

बाथरूमचं ऐकल्यावर तिने कॉम्प्युटरवर काय काय आहे ते पाहिलं. वडिलांच्या कार्यालयाची परिपत्रकं होती, आईची भजनं होती, आणि तिच्या लग्नाचा व्हिडिओ होता. फोटोग्राफरने तो एकतीस भागांत दिला होता. प्रत्येक भाग एक जीबीचा.

"अगं, लग्न आहे ते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"आई, एकतीस जीबी आहे ते."

"घाई करू नकोस. अहो, तुम्ही तरी सांगा तिला."

नंदकिशोर म्हणाले, "एकशे चोवीस चौरस फूट होतील." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मान खाली घातली.

केतकीने सगळे भाग निवडले. कायमचं काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर कॅलेंडर होतं. ते खाली पडलं, कारण तिथे आता दार होतं. दारापलीकडे खोली होती, बारा फूट बाय दहा फूट चार इंच. भिंतींना पांढरा रंग होता. खिडकी नव्हती, पण उजेड होता. प्रमोदिनीबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. केतकी आत जाऊन मधोमध उभी राहिली, आणि तिला एकाएकी रडू फुटलं.

"एवढी जागा अडवून ठेवली होती त्यानं?" ती म्हणाली.

दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी घेवारी आले. त्यांनी इमारतीला बाहेरून फेरी मारली, मग आत येऊन खोलीला फेरी मारली, आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी वही उघडली.

"मंजूर नकाशात ही खोली नाही, तांबवेकर."

"नाही."

"म्हणजे वाढीव बांधकाम."

"बांधकाम केलेलं नाही. बाहेरून इमारत आहे तेवढीच आहे. तुम्ही आत्ताच बघून आलात."

"मग हे काय आहे?"

"जागा आहे. आधी भरलेली होती, आता मोकळी केली."

घेवारी विचारात पडले. "कोणाची होती?"

"आमचीच."

"तसं लिहून द्या," घेवारी म्हणाले. नंदकिशोरांनी लिहून दिलं. जिना उतरताना घेवारींनी दोनदा कठडा घट्ट धरला.

केतकीने खोलीत पलंग टाकला. दारासमोरच्या भिंतीला कामाचं टेबल लावलं आणि दोन दंतवैद्यांना फोन केले. साचे येऊ लागले.

पुढच्या रविवारी दुपारी निनाद आला. तो दारात ओशाळून उभा राहिला. जेवणं नुकतीच झाली होती आणि केतकी आत दार लावून झोपली होती.

"तिला उठवू नका, मामा," तो सासऱ्यांना म्हणाला. "मला नुसतं एक दाखवायचंय तिला. लग्नाचा व्हिडिओ. म्हटलं, एकदा दोघांनी बसून बघावा, मग ती म्हणेल ते." त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

प्रमोदिनीबाई चहा ठेवायला आत वळल्या. नंदकिशोर बशी आणायला गेले. जावयासमोर बिस्किटं तरी हवीत, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं. ते परत आले तेव्हा पेन ड्राइव्ह सकाळपासून सुरू असलेल्या कॉम्प्युटरला लावलेला होता आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

"काय करताय, निनादराव?"

"कॉपी करून घेतोय. पेन ड्राइव्हवरून अडकत चालतो तो. थोडा वेळ लागेल म्हणतंय."

नंदकिशोरांच्या हातातली बशी खाली पडली. त्याच वेळी नव्या खोलीतून लाकूड फरशीवर घासत असल्याचा आवाज आला.

"बाबा!" केतकी आतून ओरडली. "भिंती पुढं येतायत!"

नंदकिशोरांनी दार ढकललं. ते आत उघडणारं होतं आणि दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. समोरच्या भिंतीने टेबल ढकललं होतं, टेबलाने पलंग ढकलला होता, आणि पलंग दाराला येऊन भिडला होता. फटीतून केतकीचा हात दिसत होता.

"थांबवा ते! बंद करा!" प्रमोदिनीबाई किंचाळल्या.

निनादला काही कळलं नव्हतं, पण त्याने माउस हातात घेतला. कॉम्प्युटर गोठला होता. बाण हलत नव्हता. हिरवी पट्टी मात्र सरकत होती. अकरावा भाग. बारावा. आत साचे एकेक करून फरशीवर पडून फुटत होते.

"अहो, ती आत आहे!" नंदकिशोर म्हणाले. "तुम्ही भरताय ना, त्या जागेत ती आहे!"

निनादने त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पेन ड्राइव्ह उपसून काढला.

आवाज थांबला. तेरा भाग आले होते.

पलंग आतून उभा करून केतकीने दार उघडलं. तिच्या केसांत प्लास्टरची पूड होती. निनाद पेन ड्राइव्ह हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

चहा झाला. थोड्या वेळाने केतकी आपणहून कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने आलेले भाग लावले. निनाद मागे उभा राहिला. हळद झाली, नवरदेवाची मिरवणूक आली, कोणाचा तरी फेटा सुटला आणि सगळे हसले. तेराव्या भागाच्या शेवटी दोघं पाटांवर समोरासमोर उभी होती, मध्ये अंतरपाट धरलेला होता आणि लोकांच्या मुठीत अक्षता होत्या. तिथे पडदा काळा झाला.

निनाद वाट बघत राहिला. "पुढचं?"

"पुढचं तुझ्याकडे आहे."

"माझ्या लॅपटॉपवरही आहे. सगळं. एकतीस जीबी." तो नव्या खोलीच्या दाराकडे बघत होता. "काढून टाकू?"

"घरात जागा हवी असेल तर काढ," केतकी म्हणाली.

तो बराच वेळ बूट घालत होता. मग गेला.

नंदकिशोरांनी खोली पुन्हा मोजली. नऊ बाय आठ राहिली होती. केतकीने टेबल आडवं लावलं, फुटलेले साचे गोळा केले आणि दंतवैद्यांची माफी मागून नवे मागवले.

आठव्या दिवशी साताऱ्याहून फोन आला. केतकीने तो उभ्यानेच घेतला.

"काढलं," निनाद म्हणाला.

केतकीने विचारलं, "सगळं?"

"सगळं. एकदम एकशे चोवीस चौरस फूट जागा निघाली."

"कुठं निघाली?"

मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

"आईच्या स्वयंपाकघरात," तो म्हणाला. "आई म्हणाली, बरं झालं. तिथे आता पिठाची गिरणी बसवणार आहे ती."

केतकीने फोन ठेवला, पर्स घेतली आणि खोलीसाठी पंखा आणायला खाली उतरली.