शिट्टी वाजवून गेलेली टेकडी

"चूल आहे की सवत?" बादमा पुटपुटली आणि धुराचा तिसरा भपका तोंडावर घेऊन बाहीनं डोळे पुसू लागली. "झाकण उघडावं तर धूर माझ्याकडे, लावावं तर माझ्याकडेच. या घरात दुसरं कोणी दिसतच नाही मेलीला!"

तिचं हे बोलणं स्वतःशीच होतं. पण गेर म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याचं एकखोली गोल घर. त्यात स्वतःशी म्हणून काही बोलता येत नाही. दाराच्या बरोबर समोर, मानाच्या जागी बसलेल्या लुव्सानआबांनी तपकिरीची कुपी खाली ठेवली.

"वारा बदललाय," ते म्हणाले.

"हो आबा," सून बादमा म्हणाली.

"यंदा वाराच विचित्र सुटलाय," तिचा नवरा दावाजाव घाईघाईनं म्हणाला.

पाहुण्यांच्या पलंगावर बसलेले जपानी पाहुणे इवामोतो खोकले, आणि खोकल्याबद्दल माफी म्हणून कमरेत वाकले. त्यांना इथली पंधराएक वाक्यं येत होती, त्यातली दहा आभाराची होती.

खरं सांगायचं तर वारा जन्मभर जिथून येतो तिथूनच येत होता. बदललं होतं ते दार.

गेरचं दार दक्षिणेला असतं. ते कोणी ठरवत नाही, जसं नाक पुढच्या बाजूला असावं हे कोणी ठरवत नाही. दर उन्हाळ्यात बिऱ्हाड हललं की आबा नव्या जागी उभे राहायचे, दक्षिणेच्या दुपाखी टेकडीकडे हात करायचे, आणि त्या हाताच्या रेषेत दार उभं राहायचं. पंचावन्न वर्षं हे असंच चाललेलं. यंदाही आबा उभे राहिले, डोळे बारीक केले आणि हात केला. दावाजावनं दार उभं केलं, जाळीच्या भिंती लावल्या, वासे बसवले, नमदा चढवला. शेवटची दोरी आवळून झाली आणि आबांनी हात केलेली ती टेकडी शिट्टी वाजवून शहराकडे निघून गेली.

ती कोळशाची मालगाडी होती. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी तासभर उभी राहिलेली.

बादमानं ते पाहिलं होतं. दावाजावनं पाहिलं होतं. मदतीला आलेल्या दोन शेजाऱ्यांनीही पाहिलं, आणि ते एकदम आपापल्या घोड्यांची खोगिरं तपासू लागले. कोणी अवाक्षर काढलं नाही. थोरल्या माणसाला चूक दाखवायची नसते हे एक. आणि वाईट गोष्ट तोंडानं बोलली की ती खरी होते, हे दुसरं. म्हणून दीड महिना सगळे मावळतीकडे तिरक्या झालेल्या दारातून वाकून आत-बाहेर करत होते आणि वाऱ्याला शिव्या घालत होते.

एवढंच असतं तर बादमानं धूर गिळला असता. पण आज आबांना गाडीत बसवायचं होतं. उद्या सकाळी आठला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर होता. तो नंबर मिळवायला अडीच महिने लागले होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसरा वाचवायचा तर आत्ताच आणा. बर्फ पडल्यावर आणून उपयोग नाही." बादमानं हे दावाजावला सांगितलं, दावाजावनं आबांना सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचं झालं, "आबा, आत्याला भेटून या ना. किती वर्षं झाली."

गाडी दोन चाळीसची. माळावरच्या छोट्या रेल्वे ठाण्यावर ती दोन मिनिटं थांबते, तीही मनात आलं तर. ठाणं ट्रकनं वीस मिनिटांवर. तरी दीडला निघायचं ठरलं होतं, कारण पाहुण्यांनाही त्याच गाडीनं जायचं होतं आणि त्यांना वेळेआधी पोचायची सवय होती.

आता किती वाजले, एवढंच कळायला हवं होतं. पण तिन्ही मोबाइल मेलेले. उन्हावर मोबाइल चार्ज करणारा सौरपत्रा नेहमीप्रमाणे दाराशेजारी टेकवला होता. दार तिरकं, म्हणून पत्राही तिरका, आणि सकाळभर गेरच्याच सावलीत. "पत्रा जुना झालाय," दावाजाव म्हणाला. "तार सैल असेल," काल शेजारी म्हणाला होता. पत्रा मागच्याच वर्षी घेतलेला होता.

"मोबाइल कशाला हवाय?" आबा म्हणाले. छताच्या मधल्या, चाकासारख्या गोल झरोक्यातून उन्हाचा झोत खाली येत होता. तेवढा उजेडाचा ठिपका त्यांना अजून दिसत होता. "ऊन सुनेच्या पलंगाच्या कडेला लागलं की दीड. मी बापाच्या घरात याच घड्याळावर वाढलो."

बादमानं पाहिलं. ऊन अजून पलंगापासून चांगलं दोन हात लांब होतं. पण घरच फिरलेलं असेल तर ऊन पलंगाला वेळेवर लागणार कसं? तिला हिशेब कळत होता. तो बोलून दाखवायचा म्हणजे मालगाडीपर्यंत जावं लागत होतं.

"आबा, थोडं लवकरच निघू या का?"

"ऊन खोटं बोलतंय का?"

"नाही आबा."

ती बाहेर आली आणि पाठोपाठ आलेल्या नवऱ्याचा दंड तिनं धरला.

"सांग त्यांना."

"काय सांगू?"

"काय सांगू विचारतोस? दार बघ! त्या दारातून सूर्य मावळताना दिसतो, दावाजाव! गेल्या आठवड्यात बकरी दार दक्षिणेला समजून बाजूच्या भिंतीला धडकली!"

"हळू बोल. तू सांग ना. तुझ्यावर ते रागवत नाहीत."

"बाप कोणाचा आहे?"

"सासरा कोणाचा आहे?"

एवढ्यात इवामोतो पाठीवर पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळात दीड वाजला होता. त्यांनी ठाण्याच्या दिशेला बोट दाखवलं, मग पुन्हा घड्याळाला.

बादमाचा जीव भांड्यात पडला. "बघ! दीड!"

दावाजाव हसला. आयुष्यात एखादी गोष्ट पक्की माहीत असलेला माणूस हसतो तसा. "अगं, ती जपानची वेळ. ते आपल्या एक तास पुढे. सुमोच्या कुस्त्या बघताना मी रोज एक तास वजा करतो की नाही? म्हणजे आत्ता साडेबारा. आबांचं ऊनही तेच सांगतंय."

झालं. दोन साक्षीदार एकसारखं बोलले. आता बादमा कोणत्या तोंडानं वाद घालणार? पाहुण्यांना हाताला धरून आत आणलं, मिठाचा चहा पुढे ठेवला, वाळवलेल्या दह्याचे तुकडे ठेवले. इवामोतोंना वाटलं, हा निरोपाचा रिवाज असावा. ते वाकले आणि प्यायले. दोन वाजता पुन्हा उठले. दावाजावनं पुन्हा बसवलं, पुन्हा चहा. सव्वादोनला ते उठून नुसतेच उभे राहिले. मनगट पुढे, चेहऱ्यावर हसू, आणि त्या हसण्याच्या कडा आता थरथरत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या देशात रेल्वेतच नोकरी केली होती, हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते.

ऊन पलंगाच्या कडेला लागलं.

"चला," आबा ऐटीत म्हणाले. "तासभर आधीच पोचतोय."

ट्रक ठाण्याच्या अलीकडच्या उतारावर आला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा माळावर बोटाएवढा दिसत होता. प्रवासाला निघालेल्याच्या मागे शिंपडायला बादमानं किटलीतून दूध आणलं होतं. ट्रकच्या हिसक्यानं ते अर्धं तिच्या बाहीत गेलं.

ठाण्याच्या बाई सेरमा हिरवी झेंडी गुंडाळत होत्या.

"आता आलात होय? दोन मिनिटांच्या जागी चार मिनिटं थांबवली मी! किती हाका मारायच्या माळाला?"

"वाजले किती?" बादमानं विचारलं.

सेरमांनी इवामोतोंचं पुढे आलेलं मनगट धरलं, खोलीतल्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन सत्तेचाळीस. यांचं घड्याळ बरोबर आहे की."

बादमानं नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"सुमो," ती दातांतून म्हणाली. एवढा एकच शब्द, पण दावाजाव दोन पावलं मागे सरकला.

"ऐका," सेरमा म्हणाल्या. दुसऱ्या रुळावर कोळशाची गाडी उभी होती. "ही आता सुटेल. रात्री दहापर्यंत शहरात. अडचण असेल तर इंजिनात दोन माणसं बसवता येतात. पण वहीत कारण लिहावं लागतं. आजारपण, बाळंतपण, मयत. तीनच रकाने आहेत. बोला."

"आत्याला भेटायला," दावाजाव म्हणाला.

"तो रकाना नाही."

"खूप वर्षांनी भेटतायत हो."

"दादा, मला लिहायचंय. आजारी कोण आहे?"

दावाजावनं आभाळाकडे पाहिलं. बादमानं किटलीकडे पाहिलं. इवामोतोंनी शिष्टाचार म्हणून आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मग बाळंतपण लिहा," दावाजाव कसाबसा म्हणाला.

"कोणाचं? या आजोबांचं?" सेरमांचा आवाज चढला. "ड्रायव्हर थांबणार नाही. तीन मिनिटं आहेत तुमच्याकडे!"

आणि तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की आबा जागेवर नाहीत. निळा रेशमी अंगरखा घातलेले, छातीवर जुनं पदक लावलेले आबा काठी टेकत मालगाडीच्या दहाव्या डब्यापाशी पोचले होते. डब्याच्या लोखंडी भिंतीवरून त्यांनी हात फिरवला.

"दार कुठंय रे?" त्यांनी हाक दिली. "खिडकीची जागा मिळाली तर बघा!"

दावाजाव धावला. बादमाला वाटलं, आता सांगेल. दावाजावनं बापाच्या हातातली पिशवी घेतली, काळ्या चुऱ्यानं भरलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दार... पलीकडच्या बाजूला असेल आबा. यंदाचे डबे विचित्रच आहेत."

बादमाच्या हातातून किटली सुटली. दीड महिन्याचा धूर, बकरी, पत्रा, सव्वादोनचा तो शेवटचा चहा, सगळं एकदम बाहेर पडलं.

"ती कोळशाची गाडी आहे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की इंजिनातल्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "कोळशाची! आणि त्या दिवशीची टेकडीही कोळशाचीच गाडी होती! दार वाकडं आहे, पत्रा वाकडा आहे, ऊनसुद्धा आपल्या घरात वाकडं येतं! आबा, तुम्हाला दिसत नाही! आत्या-बित्या काही नाही, तुमच्या डोळ्यांसाठी चाललोय आपण, आणि हा डोळा गेला तर मी... मी त्या चुलीसकट घर जाळीन!"

माळावर वाराही पडला. सुनेनं सासऱ्याला असं बोलल्याचं त्या भागात कोणाला आठवत नव्हतं. बादमानं तोंडावर हात घेतला. बाहीतून दूध ठिबकत होतं.

आबांनी सावकाश बोटं वर धरली. पाचही काळी झाली होती. त्यांनी ती नाकाशी नेऊन हुंगली.

"नाक शाबूत आहे माझं," ते म्हणाले. "कोळशाचा वास मला ट्रकमध्येच आला. आणि टेकडी शिट्टी वाजवत नाही, हेही कळतं. दीड महिना वाट बघतोय, कोणी बोलतंय का. आता म्हटलं, चढूनच बघू डब्यात. बघू पोरगा कुठवर चढू देतो."

दावाजाव पिशवी छातीशी धरून उभा होता. आबांनी चाचपडत त्याचा खांदा शोधला, त्याच्या नव्या सदऱ्याला बोटं पुसली, आणि इंजिनाच्या दिशेनं चालू लागले. या वेळी दिशा बरोबर होती.

"लिही गं सेरमा," ते जाता जाता म्हणाले. "आजारपणाच्या रकान्यात लिही, म्हातारा आंधळा. आणि बरोबरच्यांचं विचारलंस तर सगळे मुके, सून सोडून."