उरलेल्या स्क्रूची चौकशी

आमच्या गावात घरी कपाट जोडून झाल्यावर जितके स्क्रू उरतात, तितकी माणसं त्या घरात जादा आहेत असं धरतात आणि नगरपालिका ती घेऊन जाते. ज्या घरी स्क्रू कमी पडलेले असतात, तिथे ती बसवतात. पद्धत जुनी आहे आणि तिच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही. शहाणी माणसं खोक्यातलं पत्रक वाचून सावकाश कपाट जोडतात, एवढंच.

माझा नवरा मकरंद त्या शहाण्यांतला नाही. तो 'झटपट जोडणी' नावाच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. ग्रुपमध्ये चाळीस बाप्ये आहेत आणि कुणी किती मिनिटांत चपलांचं कपाट उभं केलं यावर ते एकमेकांना बाहुबली असल्यासारखे दंड फुगवलेली चित्रं पाठवतात. पत्रक वाचणाऱ्याची तिथे टर उडवली जाते. गेल्या मंगळवारी मकरंदने पत्रकात दोन तास दहा मिनिटं सांगितलेलं कपाट एक्केचाळीस मिनिटांत जोडलं. त्यासाठी त्याने पूर्ण दिवसाची रजा काढली होती.

जोडून झाल्यावर त्याने ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत कपाट होतं, घामाघूम मकरंद होता आणि त्याच्या तळहातावर एक स्क्रू होता. खाली लिहिलं होतं, 'एक वाचवला!' इतका बावळटपणा सहजासहजी जमत नाही.

"अरे, हा कुठला?" मी विचारलं.

"कंपनीवाले जास्तीचा देतात गं. राहू दे, कधीतरी लागेल." आणि त्याने तो जुन्या बिजागऱ्यांच्या डब्यात टाकला.

दुपारी तीनच्या आत नगरपालिकेच्या जादा माणूस विभागाचे श्री. मुळीक आले. फोटोची छापील प्रत त्यांच्या फायलीत होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, चहाला नाही म्हटलं नाही, डब्यातला स्क्रू ताब्यात घेतला आणि त्याची पोच दिली.

"घरात माणसं किती?"

"तीन," मी म्हणाले. "मी, मकरंद आणि माझे सासरे, नाना."

"म्हणजे एक जादा. आता एकेकाला बाहेर उभं करून घर हलवून बघतो. ज्याच्यावाचून घराला काही होत नाही, त्याला न्यायचं."

"नानांना आधी काढा," मकरंद म्हणाला. "वेळ वाचेल."

नाना त्याचे सख्खे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. मला त्या क्षणी मकरंदची किळस आली. चष्मा पुसून नाना जिन्यात जाऊन उभे राहिले. मुळीकांनी फरशीवर गवंड्याची पाणसळ ठेवली आणि दाराची चौकट धरून घर हलवलं. पाणसळीतला बुडबुडा सरकला. मांडणीवरचे पेले किणकिणले आणि घर बोटभर कललं. मुळीकांनी फायलीत लिहिलं, 'बोटभर.'

मग मी बाहेर गेले. फ्रिज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला, भिंतीवरचं घड्याळ निखळलं, आणि मुळीक सोफ्याला धरून ओरडले, "ताई, आत या! लवकर आत या!"

शेवटी मकरंद गेला. मुळीकांनी दोन्ही हातांनी चौकट गदागदा हलवली. काहीच झालं नाही. उलट आठ वर्षं अडकणारं बाथरूमचं दार अलगद लागलं.

"तुमची पाणसळ बिघडलीय!" मकरंद जिन्यातून म्हणाला.

"असेल," मुळीक म्हणाले. "म्हणूनच एक संधी देतात. साडेपाचपर्यंत कपाट खोलून पुन्हा जोडा. एकही स्क्रू उरला नाही तर प्रकरण बंद. आत्ता तीन वाजून पाच मिनिटं झालीत."

खोलायला दहा मिनिटं धरली तरी वेळ पुरत होता. नानांनी चुरगळलेलं पत्रक मांडीवर सरळ करून ठेवलंच होतं.

"मी एकेक पायरी वाचतो, तू जोड. घाई करू नकोस."

"नाना, वाचत बसलं की झालंच मग कल्याण."

"अरे, तुला न्यायला आलेत ते." नानांनी पहिल्या पायरीवर बोट ठेवलं. "माझ्यासाठी तरी सावकाश कर."

मकरंदने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

चौतीस मिनिटं. स्वतःचाच विक्रम मोडल्यावर त्याने दोन्ही हात वर केले आणि आधी फोटो काढला. मग आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. फरशीवर दोन स्क्रू होते.

मुळीकांनी कप खाली ठेवला, 'एक' खोडला आणि 'दोन' लिहिलं.

"हे साहेब, आणि यांच्यानंतर सगळ्यात कमी फरक काका बाहेर गेल्यावर पडला, म्हणून काका."

"अजून चारसुद्धा वाजले नाहीत," मी म्हणाले. "मी जोडते. नाना वाचतील."

"संधी साडेपाचपर्यंत असते, ताई. पण एकच असते."

नानांनी पिशवीत दोन सदरे आणि गोळ्या भरल्या. मी रडले. त्यासाठी मुळीकांनी पाच मिनिटं दिली, तशी तरतूद आहे. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सिलिंडरचा नंबर मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय." मकरंद तोवर गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. त्याला जवळचा रस्ता माहीत होता.

नानांना लांबच्या एका घरी बसवलं आहे. तिथला जिना हलायचा थांबला, असं पत्र आलं. मकरंदला तीन घरांत बसवून पाहिलं, तिन्हीकडे तो उरला. त्याची मला आठवण येत नाही. नानांची रोज येते. घर अजून बोटभर कललेलं आहे आणि दूध पातेल्याच्या एकाच कडेने उतू जातं. मी त्या बाजूला, नानांच्या जागी उभी राहते.