आधी बोट, मग पोट

चरबी काढायचं ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या बाईचं पोट सोडून आधी तिचं बोट बघणारी नर्स तुम्ही कुठं पाहिली नसणार. आमच्या सांगलीत आहे. शालन सिस्टर. माझ्या घराच्या अगदी समोर राहते. सरकारी दवाखान्यातनं रिटायर झाली आणि एका प्लास्टिक सर्जनकडं लागली. लायपोसक्शनच्या आधी पेशंटला काय काय माहीत पाहिजे ते समजावून सांगायचं, एवढंच तिचं काम. पण ही समजावून सांगत नाही, उलटतपासणी घेते.

“आधी बोट, मग पोट,” असं म्हणायचं, समोरच्या बाईची तर्जनी धरायची, खिडकीच्या उजेडात न्यायची आणि सरळ हुंगायची! एकदा पुण्याहून आलेली एक बाई घाबरून पर्स घेऊन उठलीच.

भानगड अशी, की आमच्याकडच्या पुष्कळ बायका सकाळी मिश्री लावतात. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, बोटानं दातांवर घासायची. आणि ह्याच बायकांना डॉक्टरांनी विचारलं, की तंबाखू खाता का, तर म्हणतात, “अगंबाई, छे!” खोटं नाही बोलत बिचाऱ्या. त्या तंबाखू खातच नाहीत. त्या दात घासतात.

“तंबाखूनं शिरा आवळत्यात,” शालन बजावते. “मग टाक्याला रगात कुठनं मिळायचं? जखम भरायची कशी? महिनाभर आधी बंद, नंतर बी बंद. जमत नसलं तर घरला जावा.”

बोट पास झालं की उशी. तिच्या टेबलाखाली एक जुनी उशी असते. ती मांडीवर घ्यायची, शिवण उसवलेल्या जागेतनं मूठभर कापूस ओढायचा आणि खोळ पेशंटच्या नाकापुढं धरायची. “कापूस गेला. खोळ बारीक झाली का? न्हाई. लोंबाय लागली. कातडीचं बी असंच. तरण्याची आवळती, आपल्या वयाची आवळंलच असं न्हाई. अन् हे वजन उतरवायचं ऑपरेशन न्हवं. जिथली काढली तिथली गेली. नंतर रोज वाटीभर श्रीखंड हाणलं तर दुसरीकडनं वर येती.” त्या दवाखान्यात कायम कापूस उडत असतो. डॉक्टर शिंकतात, पण बोलत नाहीत.

मग पट्टा. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे अंगाला घट्ट पट्टा घालून राहावं लागतं. शालन तो आधीच चढवते आणि पंखा बंद करून अर्धा तास बसवते, तेही एप्रिलात. सांगलीच्या एप्रिलात माणूस नुसत्या साडीत उकडून निघतो, तिथं हा पट्टा! घाम पुसत पुसत बाईनं प्रश्नांची उत्तरं द्यायची. “रगात पातळ करायची गोळी घेतासा? वैद्याचा काढा? मोबाईलवर बघून कसलं चूर्ण? समदं डाक्टरास्नी सांगायचं. घरात करणारं कोण हाय? पहिलं दोन दिस ऑपरेशनच्या भोकातनं पाणी गळतंय, गादीवर प्लास्टिक अंथरायचं, घाबरायचं न्हाई. सूज महिनोन्‌महिने ऱ्हाती. पाय एकसारखं पसरून झोपायचं न्हाई, उठून चालायचं, न्हाईतर पायात रगात गोठतंय.” आणि शेवटी तिचा ठरलेला प्रश्न: “हे कुणासाठी करतासा?”

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी बायकोला घेऊन आले होते. पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर. “सिस्टर, लग्नाआधी हिला जरा बारीक करून द्या.”

शालननं त्यांच्याकडं पाहिलं. “आवं दादा, द्राक्षाचा बेदाणा व्हायला शेडमधी पंधरा दिस लागत्यात. ही तर चालती-बोलती बाई हाय.” मग बायकोकडं वळून म्हणाली, “तुमाला करायचंय का ह्यास्नी?” त्या माउलीनं नवऱ्याकडं बोट केलं. झालं! दोघंही चहा पिऊन परत गेले.

“सिस्टर, तुम्ही माझे पेशंट पळवून लावता,” डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले.

“पळत्यात ती पळू द्यात,” शालन म्हणाली. “माघारी येत्यात ती शाणी असत्यात.” आणि खरंच, माघारी आलेल्यांचं कधी काही बिघडलं नाही, म्हणून डॉक्टर तिला कामावरनं काढत नाहीत.

ही खोड दवाखान्यापुरती असती तर चाललं असतं. पण हळदीकुंकवाला गेली तरी वाण घेता घेता ही बोट बघणार. गल्लीतल्या बायका तिला पाहिलं की मुठी वळतात. एकटा जीव, ना नवरा ना पोर. कुणी मुद्दाम तिच्याकडं जाऊन बसत नाही. मीही त्यातलीच. आणि मला तर मूठ वळायला चांगलंच कारण होतं.

आता सांगायलाच हवं. मी शिक्षिका. आमच्या शाळेच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी आहे, आणि त्याखाली नोडल शिक्षिका म्हणून माझं नाव आहे. पोरांना शपथ मीच देते. आणि घरी कोल्ड क्रीमच्या डबीत माझी मिश्री असते. पंधराव्या वर्षी आजोळी इस्लामपूरला दाढ दुखली तेव्हा लागलेली सवय. आमच्या ह्यांना हे ठाऊक नाही, असं मी वीस वर्षं समजून चालले आहे.

दोन बाळंतपणांनंतर माझ्या कमरेला दोन्हीकडं वळ्या आल्या. योगासनं केली, भात सोडला, पहाटे फिरले, त्या काही हलल्या नाहीत. त्यात पुतण्याच्या लग्नात एका बाईनं, ओळख ना पाळख, माझ्या कानाशी लागून विचारलं, “कितवा?” शेहेचाळीस वर्षांची मी! त्या रात्री जेवण गेलं नाही. ठरवलं, की काढून टाकायच्या. डॉक्टरांनी तपासलं, वजन ठीक आहे, करता येईल म्हणाले. राहिली फक्त शालन.

मी काय करावं? पंधरा दिवस आधीपासून मिश्री डाव्या बोटानं लावायला लागले. उजवं बोट लिंबानं घासलं, दगडानं घासलं, पार सोललं. दवाखान्यात ह्यांच्या देखत शालननं माझं बोट धरलं, उजेडात नेलं, हुंगलं, आणि एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. “बरं,” म्हणाली. उशी झाली, पट्टा झाला. “कुणासाठी?” वर मी ताठ मानेनं “माझ्यासाठी” म्हटलं. तारीख मिळाली. घरी येताना मला इतका आनंद झाला, की पोरं कॉपी पचल्यावर का हसतात ते त्या दिवशी कळलं.

ऑपरेशनला दोन दिवस होते. रविवारची दुपार, हे बाहेर गेलेले. शालन फॉर्म घेऊन दारात उभी.

“बाई, डावं बोट दावा.”

मी मूठ मिटली. “काय हे शालनताई?”

“एवढं लिंबू कोण चोळतंय बोटाला? तवाच कळलं हुतं मला. मालकांच्या म्होरं कशाला तुमची अब्रू काढू? म्हणून गप ऱ्हायले.” तिनं फॉर्म पुढं केला. सगळे रकाने भरलेले, एकच रिकामा. तंबाखूचा. “ह्यो मी भरणार न्हाई. तुमी भरायचा, तुमच्या हातानं. अन् डाक्टरास्नी तुमीच फोन करायचा.”

मला राग आला. लाज वाटली की राग येतो, तसा. “एवढ्याशा पुडीनं काय होतंय? आणि तुम्हाला काय पडलंय माझं?” मी म्हणून गेले.

ती पायरीवर बसली. पदराचं टोक दुमडायला लागली.

“माजी आक्का,” ती म्हणाली. “थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला, शिकवलं, नर्स केलं. तिचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तवा फॉर्म मीच भरला. माज्याच वार्डात. तंबाखूचा रकाना आला. आक्का रोज सकाळी सा वाजता उंबऱ्यावर बसून मिश्री लावायची. पुडी मीच आणून द्यायची बाजारातनं. पर डाक्टरांच्या म्होरं थोरल्या बहिणीला कसं इचारायचं? बरं दिसंल का? इचारलंच न्हाई. ‘नाही’ लिवलं अन् म्होरं गेले.” तिनं नाक ओढलं. “टाकं उसवलं. जखम भरंना. साखर बी निघाली मागनं. तीन म्हैनं रोज ह्या हातानं ड्रेसिंग केलं, बाई. तीन म्हैनं. अन् ती मलाच म्हणायची, रडू नगंस पोरी, तुजा हात लय हलका हाय.”

आक्का त्या दुखण्यातून उठली नाही.

मी आत गेले, क्रीमची डबी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. फॉर्मवर ‘होय, मिश्री’ असं माझ्या अक्षरात लिहिलं. तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तारीख पुढं ढकलली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “हां, ती क्रीमच्या डबीतली ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शालन दारात हजर. “बोट.” तिसऱ्या दिवशी पण. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं दुखायचं, की मी तिला शिव्या घालायची. ती पायरीवर बसून ऐकून घ्यायची, चहा प्यायची आणि जायची.

यथावकाश ऑपरेशन झालं. पाणी गळलं, सूज आली, पट्ट्यात शिजून निघाले, सगळं तिनं सांगितल्याबरहुकूम. वळ्या बऱ्याच गेल्या, कातडी थोडी लोंबली. पण टाके आठवड्यात सुकले. ते बघताना शालननं डोळे टिपले आणि डोळ्यात कापूस गेला म्हणाली.

त्याला आता वर्ष होईल. ती अजून सकाळी सहाला येते. परवा मी हसून म्हटलं, “शालनताई, सुटली की हो माझी मिश्री. अजून काय बघताय बोटात?”

तिनं माझं बोट धरलेलंच होतं. ते हुंगलं नाही, नुसतंच धरून बसली.

“बोट बघायला न्हाई येत मी, बाई,” ती म्हणाली. “सा वाजलं की घर खायला उठतंय. आक्का ह्याच टायमाला उंबऱ्यावर बसायची. तुमी बसतासा म्हणून येते. नगं असलं तर सांगा.”

मी पायरीवर जरा सरकून बसले. चहा दोघींचा आधीच आणून ठेवला होता.