उजवी बाजू देवाला

नागोजी शरीररचनाशास्त्रात नापास झाला. १९५८ साली बेंगळूरच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात नापास होणं ही काही बातमी नव्हती. बातमी एवढीच, की त्याचं उत्तर बरोबर होतं.

तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासासाठी हाडांचा एक संच घरी मिळे. परक्याच्या अस्थी घरात ठेवायला कोणती आई राजी होणार? परीक्षा संपते न संपते तोच आया गाठोडं उचलून श्रीरंगपट्टणला जात आणि कावेरीत विसर्जन करून येत. विभागाने हरकत घेतली, तेव्हा तडजोड निघाली: उजवी बाजू देवाला, डावी सरकारला. काही वर्षांत विभागात औषधालाही उजवं हाड उरलं नाही. तोंडी परीक्षेत हाड कोणत्या बाजूचं असं विचारलं, की मुलं डोळे मिटून "डावं" म्हणत आणि पास होत. निकाल राज्यात पहिला लागे.

अशात मद्रासहून आलेल्या परीक्षकांनी स्वतःच्या पिशवीतून मांडीचं हाड काढून नागोजीला दिलं. त्याने ते आपल्या मांडीला लावून पाहिलं.

"उजवं, सर."

"आमच्या विभागात उजवं हाड नाही," विभागप्रमुख जयतीर्थ शांतपणे म्हणाले. "साठ्याची तपासणी झालेली आहे."

पाहुणे परीक्षक काही बोलणार होते, पण त्यांना मद्रासची गाडी गाठायची होती. घाईत हाडही विसरले. ते साठ्यात 'डावं' म्हणून जमा झालं.

नागोजीने विद्यापीठाकडे दाद मागितली. समिती बसली. सदस्यांनी आळीपाळीने हाड स्वतःच्या मांडीला लावलं. अध्यक्षांनी तर धोतर सावरून लावलं. सगळ्यांना ते उजवीकडेच बसलं. मग समितीने सखोल विचार केला. हाड उजवं मानल्यास आजवरच्या डॉक्टरांना अर्धाच माणूस ठाऊक आहे, असा गैरसमज पसरेल. सबब हाड डावं आहे. विद्यार्थ्यास मानवतेच्या दृष्टीने एक शेवटची संधी द्यावी. पुन्हा उजवं म्हणाल्यास नाव कमी करावं.

नागोजीला जेवण जाईना. आई गोजराबाई ताटापाशी बसली.

"स्वल्प ऐक रे. तुझ्या थोरल्या अण्णाच्या परीक्षेच्या वेळची उजवी बाजू मीच सोडली नव्हं कावेरीत? तू उजवं म्हटलास म्हणून परत येणार व्हय ती? डावं म्हण, डॉक्टर हो. मग दवाखान्यात बसून हवं तेवढं उजवं म्हण की."

"सरी, आई, म्हणतो डावं," नागोजी म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण भूक लागली.

परीक्षेत तेच हाड पुढे आलं. त्याने ते डाव्या मांडीला लावलं. हाडाचं डोकं भलतीकडेच, बाहेर निघालं.

"डावं, सर."

जयतीर्थांनी पाठ थोपटली. नागोजीला त्या विषयाचं सुवर्णपदक मिळालं.

पुढे बेंगळूरच्याच चिकपेटेत डॉक्टर नागोजींच्या दवाखान्यात रीघ लागली. एकदा पिराजी नावाचा दुकानदार सायकलवरून पडून उजवा पाय मोडून आला. डॉक्टरांनी पाय बराच वेळ पाहिला आणि डाव्या पायाला प्लास्टर घातलं.

"डॉक्टर, दुखतोय तो हा," पिराजी म्हणाला.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पदकाकडे बोट दाखवलं. पिराजी ओशाळला. आपला पाय चुकीच्या बाजूला मोडल्याबद्दल त्याने माफी मागितली.

तुम्ही हसलात. पण तुमची पाळी येईल तेव्हा तुम्हीही आधी भिंतीवरचं पदक वाचाल, आणि निमूटपणे डावाच पाय पुढे कराल.