तेलाच्या डब्यातले दगड

गोदाआत्या नसती तर माधवनगरात माझं काही खरं नव्हतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तिची थट्टा करायला मी मोकळी.

आत्या आमची शेजारीण. घड्याळ, पंचांग आणि डॉक्टर, तिन्हींवर तिचा विश्वास नाही. पाखरांवर मात्र पुरता. कावळा पत्र्यावर ओरडला की पाहुण्यासाठी मूठभर पीठ जास्त मळायचं. भारद्वाज दिसल्याशिवाय आष्ट्याची एसटी धरायची नाही. टीव्हीवर हवामान लागलं की म्हणायची, "त्या बाबाला इचार, टिटवीची अंडी बघितलीस का कवा?"

मी मेढ्याची. सातवीत शाळा सुटली, लग्न करून इथं आले. नवरा यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या करणारा. एका संध्याकाळी अंगणातल्या शेवग्यावर पिंगळा कलकलायला लागला. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. माझं डोकं उठलं, मी दगड भिरकावला. आत्या पदर खोचून धावत आली.

"अगं भवाने! पिंगळा त्यो दगड उचलून पाण्यात टाकतोय. दगड झिजंल तशी तू झिजशील!"

"आवं आत्या, एवढंसं पाखरू. दगड उचलंल व्हय?"

"तू तरी केवढी हैस? मारलास न्हवं?"

आणि माझं नशीब असं, की तिसऱ्याच दिवशी ताप भरला. टायफॉइड. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलाय.

"मी तरी काय म्हणतीया?" आत्या म्हणाली. "पाण्यातच पडलाय त्यो."

बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तशी मी घाबरले. मेढ्याला आईला कळायच्या आत इथंच संपते की काय! आत्या तीन वेळा पेज भरवायची आणि उरलेला दिवस शेवग्याखाली रांगायची; दगड हुडकून कोरडा ठेवला की माझं झिजणं थांबेल म्हणून. माझा दगड कुठला ते मलाच ओळखू येईना. मग तिनं अंगणातला एकूणएक दगड वेचला, पुसला आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात भरला. चाळीत पाणी तापवायला चूल मांडायची तर तीन दगड मिळेनात.

मी बरी झाले. श्रेय अर्थातच डब्याला. गोळ्या बिचाऱ्या फुकट गेल्या.

"आता टाका की ते दगड," मी हसत म्हणाले.

आत्या डब्याचं झाकण दाबत राहिली. "माज्या शालीनं मारल्याला दगड घावला न्हवता गं," ती म्हणाली. "लय हुडिकला."

तिला लेक होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पावसाळ्यात आत्याचं छप्पर गळतं. अंथरूण भिजतं, पीठ भिजतं. डबा वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या कागदात. आता तिचा हात फळीपर्यंत पोचत नाही. तिच्या माघारी तिचे उपकार फेडायचा दिवस येईल तेव्हा तो डबा मी माझ्या घरी आणीन, आणि त्यातला एकही दगड भिजू देणार नाही.