सोहोनी सरांचे गट आणि एक कोरी ओळ

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सोहोनी सर कुणालाही 'कसे आहात' विचारत नसत. ते जिन्यात थांबवून सांगत, "जोशीकाकू, तुम्हाला काल 'अ' गटातून 'क' गटात हलवलंय."

काकू दोन दिवस माझ्याशी अबोला धरून बसल्या. माझ्याशी, कारण फोन माझ्या घरी!

ऐंशीच्या दशकात चोवीस बिऱ्हाडांत तो एकच फोन. कुणाला बोलवायचं त्याची वीस नावांची यादी मी शेजारीच लावली होती. सर वरच्या मजल्यावर एकटेच राहत आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. त्यांनी यादीखाली वही लटकवली.

"कोण कुठल्या नंबरशी बोललं, तेवढंच लिहा. मजकूर नको!"

त्यावरून ते ग्राफपेपरवर चौकोन रंगवत. त्याच त्याच नंबरांशी बोलणारी घरं एका गटात. गट आधी ठाऊक नसतात म्हणे. अंदाजाने पाडायचे, मग असेच फोन होण्याची शक्यता किती ते काढायचं; जुळलं नाही की माणूस उचलून दुसऱ्या गटात. इकडे माझी आमटी उतू जायची आणि सर विचारत, "नंबर टिटवाळ्याचा की कल्याणचा?"

तळमजल्यावरच्या म्हात्रे आजींची वहीतली ओळ वर्षभर कोरी होती. मुलगा आखातात. त्याला नंबर दिलेला, पण त्याचा फोन नाही. तरी घंटा वाजली की आजी दारात येऊन उभ्या. नवे भाडेकरू नंबर मागत होते, आणि मी वीसच्या वर नावं घेणार नव्हते.

"एक तारखेला आजींचं नाव काढते," मी सरांना सांगितलं.

"मग त्यांनी वाट कशाची बघायची?"

"वर्षभर फोन नाही, तर नाव नाही. नियम सगळ्यांना सारखा, सर."

त्याच गुरुवारी चार वाजता फोन.

"म्हात्रे आजींना बोलवा." मागे स्टेशनवरची घोषणा.

"कोण बोलतंय? काय निरोप आहे?"

"मजकूर नको!"

मी कपाळावर हात मारला आणि आजींना हाक दिली. नाव राहिलं. मग दर गुरुवारी तेच. वहीतला तो फोन मात्र सर स्वतः खोडत. "हा धरला तर माझं गणित खोटं पडेल."

शेवटी मी आजींना विचारलंच, "फोन कुणाचा, कळतं ना?"

"मंग? वरचा मास्तर. माझा गट नाय ना, जिन्यात भेटला तर भिंतीकडं बघत जातो. फोनवर मोकला बोलतो."

"काय बोलता एवढं?"

"जेवलास का, इचारते. हो म्हनतो, खोटारडा. मंग मी वरडते. त्याला तरी दुसरं कोन वरडनार, बाय?"

पुढच्या गुरुवारी चारच्या आधीच मी आजींना फोनजवळ खुर्ची दिली, आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेले.