घाटउतारापूर्वी ब्रेकांतील हवा काढिल्याची हकीकत

श्री द्विचक्र प्रसन्न. चाकांस गती मिळो आणि वेळेवर थांबणेही मिळो, ऐसे चिंतून लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन शुद्ध नवमी. ते समयी एका राज्यात भार्गवराव महाराज, राणी कुमुदिनीबाई व कन्या रेवतीबाई सुखे नांदत होती, आणि दसऱ्यास सायकलींची घाटउताराची शर्यत नेमिली होती, आणि रेवतीबाईंनी तीत नाव दिले होते. परंतु सायकलीचे दोन्ही ब्रेक तेलावर चालणारे, ते दाबिता ब्रेकाची मूठ थेट दांडीस टेके आणि चाक थांबेना. महाराजांनी निदान केले जे, नळीत हवा नामे गनीम शिरला. लेक घाट उतरणार, या विचारे त्यांनी तत्क्षणी पान्यांची पेटी बाहेर काढिली.

राणीसाहेब बोलिल्या, "अहो, दुकानात टाका ना. मागे नळ दुरुस्त केलात तेव्हा खालचे लोक घरात छत्री उघडून बसले होते."

महाराज बोलिले, "लेकीचा जीव परक्या हाती देणे नाही."

मग गॅलरीत मोहीम मांडिली, आणि चाके उतरविली, आणि चाकाच्या चकतीस चिमटीत धरणारे पॅड काढून निराळे ठेविले, आणि मुठीपाशी पेला बसवून खालून सिरिंजेने तेल चढविले. महाराज नळीस टिचक्या मारीत आणि रेवतीबाई, "बाबा, अजून एक आला!" म्हणोन बुडबुड्याची वर्दी देत. ऐसे करिता बुडबुडा येईनासा जाहला, मग सर्व पूर्ववत जोडून मूठ दाबिली, तो दगडासारखी घट्ट. महाराजांच्या डोळ्यांस पाणी आले.

ते दिवशी खंडेनवमी. हत्यारास तेल लावून पुजावे हा रिवाज, म्हणोन महाराजांनी चाकांच्या दोन्ही लोखंडी चकत्या खोबरेलाने आरशासारख्या केल्या आणि हळदकुंकू वाहिले. ज्या चकतीस पॅडांनी धरावे तीच निसरडी जाहली, हे भक्तीच्या भरात कोणाचे ध्यानी आले नाही.

दसऱ्याचे सकाळी रेवतीबाई निघाल्या, तो महाराज वाटेत आडवे आले. "आधी आम्ही हा गल्लीचा उतार उतरू, मग तू."

"बाबा, काल तुम्हीच केलेत ना ब्रेक?"

"आम्ही केले म्हणोनच भय वाटते."

मग महाराज स्वार जाहले आणि उतारावर दोन्ही मुठी आवळिल्या. मुठी घट्ट, चाके मोकाट! आणि महाराज ओरडत गल्ली पार करून कोपऱ्यावरच्या झेंडूच्या राशीत दाखल जाहले.

फुलवाली बोलिली, "अवो, फुलं पायजे तर मागून घ्या की!"

रेवतीबाई धावत आल्या, चकतीस बोट लावून हुंगिले. "खोबरेल?"

महाराजांनी मान खाली घातली. "पॅडही तेल प्याले. आमच्यापायी शर्यत बुडाली तुझी."

"बुडू दे." रेवतीबाई त्यांचे शेजारी फुलांत बसल्या आणि त्यांचा हात घट्ट धरिला. "बाबा, घाटात झेंडू नसतो."

येणेप्रमाणे हवा गेली, शर्यत गेली, महाराजांचा डावा गुडघा गेला. लेक घरी आहे. राज्य खुशाल असे.